५८.३२ आणि ४१.६८ : आंध्र-तेलंगणा फाळणीतल्या कर्मचारी वाटपाचं प्रकरण

नांदेड-परभणीकडच्या जुन्या सरकारी घरांत एखादं सेवापुस्तक असं निघतं की पहिली पानं उर्दूत, मधली इंग्रजीत आणि शेवटची मराठीत. माणूस एकाच खुर्चीवर बसलेला, राज्यं मात्र बदलत गेलेली. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबईला गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरला आणि तेलंगणा आंध्रला. जमिनीबरोबर कारकून, तहसीलदार, अभियंतेही वाटले गेले. त्या वाटपातले सेवाज्येष्ठतेचे दावे पुढे कित्येक वर्षं चालले.

त्याच तेलंगणाची २०१४ मध्ये पुन्हा वाटणी झाली, या वेळी आंध्रपासून. हे टिपण त्यातल्या एकाच प्रश्नाचं आहे : एक सरकार मोडून दोन सरकारं करायची, तर माणसं कशी वाटायची आणि त्याचा खर्च कुठे कुठे फुटतो. कर्मचारी-अधिकाऱ्यांची नावं घेतलेली नाहीत, पदं सांगितली आहेत. समित्या मात्र अध्यक्षांच्या नावानेच ओळखल्या जातात, त्याला इलाज नाही.

पार्श्वभूमी

तेलंगणाच्या मागणीत नोकऱ्यांचा मुद्दा भाषणापुरता नव्हता, मुळाशीच होता. निजामाच्या काळापासूनचे मुल्की नियम (नोकरीत स्थानिकांना प्राधान्य देणारे), १९५६ चा आंध्र आणि तेलंगणाच्या नेत्यांमधला सभ्य गृहस्थांचा करार, १९६९ चं आंदोलन, या सगळ्यांत एकच तक्रार फिरून फिरून येते : आमच्या जागांवर बाहेरचे बसलेत. १९७५ मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१-ड खाली राष्ट्रपतींचा आदेश निघाला. राज्याचे सहा विभाग (झोन) पडले आणि जिल्हा व विभाग पातळीवरची बहुतेक पदं स्थानिकांसाठी राखली गेली. पाच आणि सहा क्रमांकाचे विभाग तेलंगणातले. तरीही बाहेरच्यांची भरती झालीच, म्हणून ३० डिसेंबर १९८५ ला शासन आदेश क्रमांक ६१० निघाला. तेलंगणातल्या जागांवर नियमबाह्य बसलेल्यांना त्यांच्या त्यांच्या विभागात परत पाठवा, असा तो आदेश. अंमलबजावणी इतकी रखडली की '६१०' हा आकडा तिकडे घोषणेसारखा वापरला जाऊ लागला.

वाटणीच्या तोंडावर कर्मचाऱ्यांचेच दोन तट पडले होते. २०११ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तेलंगणातले कर्मचारी ४२ दिवस संपावर होते, राज्य हवं म्हणून. २०१३ च्या ऑगस्टपासून सीमांध्रातले (म्हणजे किनारी आंध्र आणि रायलसीमेतले) कर्मचारी दोन महिन्यांहून अधिक काळ संपावर गेले, राज्य फुटू नये म्हणून. वाटप करणाऱ्या समितीला मोजायची होती ती ही माणसं. त्यांतली बरीचशी एकाच सचिवालयात शेजारी शेजारी टेबलं लावून बसत होती.

आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्याला १ मार्च २०१४ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. नेमून दिलेला दिवस होता २ जून. म्हणजे हातात तीन महिने, आणि त्यातच लोकसभेची आणि विधानसभेची निवडणूक.

अडचण नेमकी कुठे होती

शिक्षक, तलाठ्याच्या दर्जाचे महसूल कर्मचारी, पोलीस शिपाई यांचा प्रश्न फारसा नव्हता. त्यांची पदं जिल्ह्याला किंवा विभागाला बांधलेली, आणि राज्याची नवी सीमा साधारण विभागाच्या सीमेवरूनच जात होती. जो जिथे होता तिथेच राहिला.

अडचण होती हैदराबादेत. सचिवालय, विभागप्रमुखांची कार्यालयं, राज्यस्तरीय संवर्ग, हे सगळं १९७५ च्या आदेशातून वगळलेलं होतं. तिथे कुठल्याही जिल्ह्याचा माणूस लागू शकत होता आणि लागलेलाही होता. कामं संपूर्ण राज्याची, कार्यालयं सगळी तेलंगणाच्या हद्दीत. यातलं कोण कोणाचं?

कायद्याने लोकसंख्येचं प्रमाण दिलं : आंध्र ५८.३२ टक्के, तेलंगणा ४१.६८ टक्के. पैसा, कर्ज वाटायला ते ठीक आहे. पदांना लावून बघा. एका विभागात उपसचिवांची सात पदं असतील तर वाटे होतात ४.०८ आणि २.९२. म्हणजे चार आणि तीन, गंमत म्हणून सोपं उदाहरण घेतलं. तीन पदं असतील तर १.७५ आणि १.२५. आणि संचालकाचं एकच पद असेल तर? त्याचे ५८ टक्के कसे करणार? संचालक दोन्ही राज्यांना लागतो. मुख्य सचिवापासून खालपर्यंत माथ्यावरची सगळी पदं अशीच दुप्पट झाली. आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, वाटताना खालच्या मजल्यांना भागाकार लागतो आणि वरच्या मजल्याला गुणाकार. राज्य फुटलं की आस्थापनेचा खर्च वाढतो तो आधी इथे.

समोरचे पर्याय

तेलंगणातल्या संघटनांचं म्हणणं सरळ होतं : पर्याय विचारूच नका. जो मूळचा जिथला, त्याने तिथे जावं. यात ६१० ची जुनी जखम बोलत होती, आणि नव्या राज्याने पदोन्नतीच्या जागा मोकळ्या मिळतील अशी आशा धरली होती तीही. अडचण अशी की तीस वर्षं हैदराबादेत काढलेल्या, तिथेच घर बांधलेल्या माणसाला जन्मगावावरून हलवायचं, हे न्यायालयात टिकेल का?

दुसरी वाट म्हणजे ज्याला जिथे हवं तिथे. ऐकायला उदार, पण हैदराबाद सोडायला कोण तयार होणार? आंध्रकडे राजधानीच नव्हती. कायद्याने हैदराबाद दहा वर्षांपर्यंत सामायिक राजधानी ठेवली होती, तेवढाच आधार.

तिसरी वाट मिश्र होती आणि तीच निवडली गेली. आधी पदं वाटायची, मग माणसांकडून पर्याय मागायचे, आणि स्थानिकत्व व सेवाज्येष्ठता पाहून त्या पदांवर माणसं बसवायची. पती-पत्नी दोघं नोकरीत असतील, गंभीर आजार असेल, तर सवलत. निवृत्त सनदी अधिकारी सी. आर. कमलनाथन यांच्या समितीकडे हे काम आलं. भारतीय प्रशासन सेवा, पोलीस सेवा, वन सेवा यांच्यासाठी प्रत्युष सिन्हा यांची समिती वेगळी.

कागदावर ही तिसरी वाट मला आजही पटते. बिघाड तिच्यात नव्हता, तिला मिळालेल्या वेळात होता.

काय केलं गेलं

२ जूनला कोणीतरी खुर्चीवर असायलाच हवं होतं. म्हणून मे अखेरीस तात्पुरते आदेश निघाले : अंतिम वाटप होईपर्यंत तुम्ही अमुक राज्याचं काम करा. सचिवालयाच्या इमारती वाटल्या गेल्या, काही आंध्रला, काही तेलंगणाला. एकाच आवारात दोन सरकारं बसू लागली. आपल्याकडे हिवाळी अधिवेशनाला मंत्रालयातल्या फायली ट्रकने नागपूरला जातात आणि परत येतात, तेवढ्यात केवढा गोंधळ उडतो ते आठवा. इथे फायली परत येणार नव्हत्या, आणि कुठली फाईल कोणाची हेही बसून ठरवायचं होतं.

कमलनाथन समितीची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर व्हायला ऑक्टोबर २०१४ ची अखेर उजाडली, म्हणजे राज्य होऊन पाच महिने. त्यानंतर विभागवार पदसंख्या, पर्याय, हंगामी याद्या, हरकती, अंतिम याद्या. समितीची मुदत वाढत गेली. तात्पुरत्या आदेशावर माणसं दोन दोन, तीन तीन वर्षं काम करत राहिली. पदोन्नती थांबली, कारण ज्येष्ठता यादी कुठल्या राज्याची हेच ठरलेलं नव्हतं.

निर्णयाची पहिली वळणवाट : निवृत्तीचं वय

वाटप सुरू होण्याआधीच आंध्र सरकारने जून २०१४ मध्ये निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं. तेलंगणाने ते ५८ च ठेवलं.

समजा, सचिवालयातला एक कक्ष अधिकारी आहे, वय ५७, गाव निजामाबादकडचं, संपात पुढे असलेला. राज्य मिळालं म्हणून पेढे वाटलेले. आता त्याच्यासमोर पर्यायाचा अर्ज आहे. तेलंगणा लिहिलं तर वर्षभरात निवृत्ती. आंध्र लिहिलं तर आणखी दोन वर्षं पगार, एखादी वेतनवाढ, निवृत्तिवेतनाची आकडेमोडही वरची. शिवाय कार्यालय तूर्त हैदराबादेतच, म्हणजे घरही सोडायचं नाही. उलट बाजूला आंध्रचा चाळिशीतला माणूस, ज्याची मुलं हैदराबादेत शिकतात, त्याला तेलंगणा बरं. स्थानिकत्वाचा निकष या दोघांना अडवू शकत होता, पण अर्ज भरताना मनात काय चाललं असेल ते कळायला समितीची गरज नाही.

दोन्ही सरकारांना आपापले सेवानियम बदलायचा अधिकार होताच. प्रश्न वेळेचा होता. तराजूत माल असताना एका पारड्यात वजन टाकलं गेलं. तेलंगणाने वय वाढवून ६१ केलं ते २०२१ मध्ये, आंध्रने २०२२ मध्ये ६२.

दुसरी : वेतनाची चढाओढ

फाळणीच्या आधीच नेमलेल्या वेतन आयोगाची शिफारस होती २९ टक्के फिटमेंटची, म्हणजे नव्या वेतनश्रेणीत जाताना मूळ पगारावर मिळणाऱ्या वाढीची. फेब्रुवारी २०१५ च्या पहिल्या आठवड्यात तेलंगणाने ४३ टक्के जाहीर केले. चार-पाच दिवसांत आंध्रनेही ४३ च. तेव्हा सांगितलेला वार्षिक बोजा तेलंगणाला सुमारे ६,५०० कोटी रुपये, आंध्रला सुमारे ९,२८४ कोटी.

या दोन आकड्यांजवळ थोडं थांबायला हवं, कारण फाळणीच्या खर्चाची चर्चा नेहमी राजधानीच्या इमारतींवर जाते. अमरावती (आपली नव्हे, गुंटूरकडची), विधानभवन, रस्ते. पण केंद्राने नव्या राजधानीसाठी आणि विजयवाडा-गुंटूरच्या कामांसाठी मिळून दिलेली रक्कम होती २,५०० कोटी, तीही एकदाच. वेतनातली वाढ दरवर्षीची. हैदराबादसारखं महसुलाचं शहर हाती असलेलं राज्य एक आकडा बोललं, आणि तुटीतल्या राज्याला तोच आकडा बोलावा लागला. कमी बोललं असतं तर सगळे पर्याय तेलंगणाकडे गेले असते, संप झाला असता तो वेगळाच. एकाच कार्यालयात कालपर्यंत एकच पगार घेणारे दोघं आज वेगवेगळा पगार घेणार, हे कुठल्याही सरकारला झेपलं नसतं.

पुढे आंध्रच्या पहिल्या वर्षाच्या महसुली तुटीवरून केंद्राशी वाद झाला. राज्याचा दावा १६,०७८ कोटींचा. केंद्राने सुरुवातीला मानले त्याच्या साधारण पावपट. २०२३ मध्ये आणखी १०,४६० कोटी मिळाले, नऊ वर्षांनी.

तिसरी : वीज कंपन्या

कमलनाथन समितीच्या कक्षेत सरकारी विभाग होते, महामंडळं नव्हती. त्यांच्यासाठी कायद्याचं कलम ८२ : कर्मचारी एक वर्ष आहेत तिथेच राहतील आणि त्या वर्षात संस्थेने वाटपाची पद्धत ठरवावी. म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांना केंद्राने नेमलेला पंच, आणि महामंडळांना 'तुमचं तुम्ही बघा'.

ते वर्ष १ जून २०१५ ला संपलं. पद्धत ठरली नव्हती. १० जूनला तेलंगणाच्या वीज कंपन्यांनी १,१५७ जणांना मूळचे आंध्रचे म्हणून कार्यमुक्त केलं. आंध्रच्या कंपन्यांनी त्यांना रुजू करून घ्यायला नकार दिला. माणूस कार्यमुक्तीचा आदेश खिशात घेऊन समोरच्या कार्यालयात जातो आणि तिथे त्याचं नावच नाही. जे विभागांच्या बाबतीत टाळलं होतं, ते जन्मगावावरचं वाटप इथे मागच्या दाराने आलं.

मग उच्च न्यायालय. तेलंगणाची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांची एकसदस्य समिती नेमली. अंतिम अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये, त्यावरच्या आक्षेपांचा निकाल डिसेंबर २०२० मध्ये. २०२२ मध्येही अवमान याचिका चालूच होती. एक वर्षाच्या मुदतीचं काम सात वर्षं.

चौथी : हैदराबाद सोडणं

सामायिक राजधानीची मुभा २०२४ पर्यंत होती. आंध्रच्या मुख्यमंत्र्यांनी ती वापरायची नाही असं ठरवलं आणि सचिवालयातल्या कर्मचाऱ्यांना जून २०१६ अखेरपर्यंत नव्या अमरावतीतल्या वेलगपुडीच्या तात्पुरत्या संकुलात यायला सांगितलं. शेतजमिनीत उभ्या राहिलेल्या, रंग न वाळलेल्या इमारती. राहायला जागा नाही. सरकारने गोडी लावली : पाच दिवसांचा आठवडा, हैदराबादच्याच दराने घरभाडे भत्ता, राहण्याची सोय. विजयवाडा-सिकंदराबाद इंटरसिटी सुरू झाली. बरेच जण शुक्रवारी संध्याकाळी गाडी पकडून घरी जात आणि सोमवारी परत येत.

पण खरी अडवणूक भत्त्याची नव्हती, मुलांच्या प्रवेशाची होती. ३७१-ड च्या आदेशानुसार प्रवेशात आणि नोकरीत 'स्थानिक' ठरायला त्या भागात सलग चार वर्षं शिकलेलं असावं लागतं. हैदराबादेत दहावी-बारावी झालेलं मूल आंध्रात गेलं तर तिथे परकंच. संघटनांनी हा मुद्दा लावून धरला. अखेर २०१६ मध्ये केंद्राने आदेशात दुरुस्ती केली : २ जून २०१७ पर्यंत स्थलांतर करणाऱ्यांची मुलं आंध्रात स्थानिक मानली जातील. ती मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढवावी लागली.

आपल्याकडे एखादं आयुक्तालय हलवायचं ठरलं की पहिला प्रश्न पोरांच्या शाळेचा निघतो आणि साहेब लोक त्याला सबब म्हणतात. इथे त्या सबबीसाठी राष्ट्रपतींचा आदेश बदलावा लागला.

निष्पत्ती

राज्यं चालली. २ जूनला कुणाचा पगार थांबला नाही, ट्रेझरी बंद पडली नाही, आणि ही गोष्ट लहान नाही. संप-प्रतिसंपांच्या इतिहासानंतर सचिवालयाच्या आवारात मोठी हाणामारी न होता वाटप झालं, याचं श्रेय त्या मिश्र पद्धतीला द्यावं लागेल.

पण नव्या राज्याचा गाडा आखडत चालला. तेलंगणाने ऑगस्ट २०१४ मध्ये स्वतःचा लोकसेवा आयोग काढला. पण वाटप अपुरं असताना नेमक्या किती जागा रिकाम्या आहेत हेच सांगणं कठीण, मग जाहिरात कशाची द्यायची? नोकऱ्यांसाठी झालेल्या राज्यात पहिली काही वर्षं तरुणांनी याच प्रश्नावर मोर्चे काढले. त्यात ऑक्टोबर २०१६ मध्ये दहा जिल्ह्यांचे एकतीस झाले. एकवीस नवी जिल्हाधिकारी कार्यालयं, माणसं तीच.

आणि खर्चाचा एक भाग कुठल्याच लेखाशीर्षाखाली येत नाही. थांबलेल्या पदोन्नत्या, न्यायालयात सरकारी वकिलांचे दिवस, आठवड्यातला शुक्रवार दुपारनंतरचा वेळ.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी सेवाशर्ती गोठवायच्या. अंतिम यादी लागेपर्यंत निवृत्तीचं वय आणि वेतनश्रेणी यांत कोणतंही राज्य एकतर्फी बदल करणार नाही, एवढं एक कलम कायद्यात असतं तर पर्यायाचे अर्ज पगाराच्या हिशेबाऐवजी घराच्या हिशेबाने भरले गेले असते. यावर आक्षेप येईल की निवडून आलेल्या सरकारचे हात बांधता येत नाहीत. दोन वर्षांसाठी बांधता आले असते असं मला वाटतं, कारण याच कायद्याने राजधानी, महाविद्यालयीन प्रवेश यांत दोघांचेही हात दहा दहा वर्षं बांधलेच होते.

महामंडळांना पंच द्यायला हवा होता. कलम ८२ मधलं एक वर्ष हा तोडगा नव्हता, पुढे ढकलणं होतं. 'वर्षात ठरलं नाही तर काय' याचं उत्तर तिथे नाही. ते उत्तर अगदी साधं असू शकलं असतं : न ठरल्यास सरकारी विभागांचीच तत्त्वं लागू. त्या एका ओळीच्या अभावाची किंमत १,१५७ घरांनी मोजली.

अधिसंख्य पदं, म्हणजे मंजूर संख्येपलीकडची जादा पदं, सुरुवातीलाच मोकळ्या हाताने मंजूर करायला हवी होती, माणूस निवृत्त झाला की आपोआप मिटणारी. दोन-चार वर्षांचा जादा पगार गेला असता. तो वित्त विभागाला कागदावर दिसतो म्हणून टोचतो. रखडलेल्या वाटपाचा खर्च कागदावर दिसत नाही म्हणून टोचत नाही.

तात्पुरत्या आदेशाबद्दल मात्र मी साशंक आहे. त्याला कडक मुदत घातली असती तर काम वेगाने झालं असतं की नुसतेच आणखी स्थगिती आदेश आले असते, सांगता येत नाही. तीन महिन्यांत दुसरा मार्ग नव्हता हे मान्य. पण त्या आदेशांनी काय केलं ते सनदी अधिकाऱ्यांच्या प्रकरणात स्वच्छ दिसतं. सिन्हा समितीने आंध्रला दिलेले काही अधिकारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या आदेशावर तेलंगणातच राहिले. केंद्र त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. दरम्यान त्यांतले एक राज्याचे मुख्य सचिव झाले आणि तीन वर्षं त्या पदावर होते. जानेवारी २०२३ मध्ये निकाल लागला की ते आंध्र संवर्गाचे आहेत. ज्या राज्याची प्रत्येक महत्त्वाची फाईल त्यांच्या सहीने पुढे जात होती, तिथून त्यांना कार्यमुक्त करावं लागलं.

२ जून २०२४ ला हैदराबादचं सामायिक राजधानीपण संपलं. ज्या जुन्या सचिवालयात टेबलं वाटली होती ते २०२० मध्येच पाडलं गेलं होतं आणि त्या जागी तेलंगणाची नवी इमारत उभी होती. त्यानंतर चार महिन्यांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, केंद्राच्या कार्मिक विभागाने आणखी काही अधिकाऱ्यांना आपापल्या संवर्गात जाण्याचे आदेश काढले. काहींनी न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, दिलासा मिळाला नाही, आणि ते आंध्रात रुजू झाले.